कोंडशेतची सव्वासहाची गाडी

मला स्वस्थ बसता येत नाही. निवृत्त झाल्यापासून तर हे दुखणं वाढलंच आहे. चार दिवस घरात काढले की मी आवरलेली कपाटं पुन्हा आवरायला घेते, आणि पाचव्या दिवशी घरचेच म्हणतात, जा बाई कुठेतरी. त्यामुळे फेब्रुवारीत मोऱ्यांचा फोन आला तेव्हा पिशवी भरायला मला अर्धा तासही लागला नाही.

सखाराम मोरे आमच्या ठाण्याच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं शिपाई होते. मी मागायच्या आत हवी ती फाईल टेबलावर आणून ठेवणारा माणूस. निवृत्त झाले आणि पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या गावी, कोंडशेतला, जाऊन राहिले. दर दिवाळीला फोनवर "मॅडम, एकदा गावी या" म्हणायचे, मीही दर दिवाळीला "नक्की" म्हणायची. या खेपेला त्यांचा सूर वेगळा होता. "यायचं तर आत्ता या. आमची एस्टीची गाडी बंद करतायत म्हणं. मग तुम्हाला घाट चढून चालत यावं लागंल." आणि मग म्हणाले, "शुक्रवारी मी महाडला मशीनवर असतो. तिथनंच संगती जाऊ."

महाडला कारखाने पुष्कळ. मला वाटलं, मोऱ्यांनी या वयात कुठेतरी काम धरलं असेल. तसं विचारायचंही मला सुचलं नाही.

महाड

वीर स्टेशनला उतरले. बाहेर रिक्षावाले उभेच होते. चार अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून महाड गाठलं, आणि मोऱ्यांनी दिलेली वेळ व्हायला अजून दोन तास आहेत असं लक्षात आलं. दोन तास एका जागी काढणं मला शक्य नव्हतं. चवदार तळ्याला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला पायऱ्यांवर डबा खात बसलेल्या एका बाईंनी मला हटकलं. जवळच्याच एका शाळेत शिक्षिका होत्या. "कुणाला शोधताय का?" म्हणाल्या. "नाही, बघतेय," मी म्हटलं. "मग बसून बघा की. आमच्याकडे लोक लांबून येतात, ते इथे येऊन निवांत बसतात. मार्चमध्ये तर बसायला जागा मिळत नाही. आज आहे, तर बसा." मी बसले. त्यांनी डब्यातली चवळीची उसळ माझ्या हातावर ठेवली. ती संपल्यावर मात्र मी उठलेच.

मोऱ्यांनी सांगितलेला पत्ता एका इस्पितळाचा निघाला. आत एका ओळीत पलंग होते, प्रत्येक पलंगाशी डायलिसिसचं एक यंत्र. तिसऱ्या पलंगावर मोरे होते, निम्मे झालेले. हातातून निघालेल्या नळीतून त्यांचं रक्त यंत्रात जात होतं आणि दुसऱ्या नळीने परत येत होतं. मला बघताच ते उठून उभे राहायला गेले. नर्स ओरडली, "अहो काका, नळी निघेल." तरी त्यांनी निदान पाय पलंगाखाली सोडले. साहेबलोक आल्यावर आडवं राहायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊला त्यांची पाळी असते. चार तास लागतात. दीड वर्ष झालं होतं आणि मला पत्ताही नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

पोलादपूर स्टँड

महाडहून पोलादपूरला आलो तेव्हा तीन वाजले होते. कोंडशेतची गाडी साडेपाचला. मोरे बाकावर डोळे मिटून बसले, आणि मी स्टँडवरच्या सगळ्या पाट्या दोनदोनदा वाचल्या, भजी खाल्ली, गाडी वेळेवर आहे का म्हणून चौकशीच्या खिडकीवर तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा आतल्या माणसाने वर न बघताच "हाय, हाय" म्हटलं.

गाडीत आम्ही नऊजण. माझ्या शेजारी एक बाई बसल्या, साठीच्या, कपाळ मोकळं, नजर तिखट. मोऱ्यांनी ओळख करून दिली. त्या जनाआत्या. गावात हुद्दा कसलाच नाही, पण त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, बाजाराला आला होतात का?

"नाय गो बाय. पाळीला."

गाडीला माणसं मिळत नाहीत म्हणून ती बंद व्हायची भीती. म्हणून कोंडशेतने ठरवलेलं, की काम असो नसो, रोज दोन घरांतून एकेक माणूस गाडीने खाली जाईल आणि संध्याकाळी परत येईल. कोणाची पाळी कधी, ते जनाआत्या देवळाच्या भिंतीवर खडूने लिहितात. पाळीचा माणूस सकाळी पोलादपूरला उतरतो आणि दिवसभर स्टँडवर बसून राहतो. त्या दिवशी जनाआत्यांनी तिथे बसून पसाभर लसूण सोलला होता. पिशवी उघडून त्यांनी मला तो दाखवला. दिवसभर एका स्टँडवर बसायचं, काही कारण नसताना! मी त्या गावात असते तर माझ्या पाळीच्या दिवशी वेडी झाले असते. आमच्याकडे ठाण्याला गाडीत शिरायला मारामारी, आणि इथे गाडी रिकामी दिसू नये म्हणून माणसं पाठवतात.

आंबेनळीच्या रस्त्याला लागल्यावर गाडी कण्हत चढू लागली. मधेच एका फाट्याला वळली, आणि रस्ता इतका अरुंद झाला की करवंदीच्या जाळ्या खिडकीतून आत यायला लागल्या. कंडक्टरला प्रत्येकाचं नाव ठाऊक. एका वळणावर उतारू नसताना गाडी थांबली, ड्रायव्हरने खाली उतरून कोणाचीतरी सुटलेली म्हैस कडेला घेतली आणि आम्ही पुढे निघालो.

कोंडशेत, शनिवार

गाव डोंगराच्या कुशीत तीन टप्प्यांवर चढत गेलेलं. घरं चाळीसएक, पण बहुतेकांना कुलूप. गाडी रात्री इथेच मुक्कामाला असते. ड्रायव्हर-कंडक्टर बंद पडलेल्या शाळेच्या पडवीत झोपतात, त्यांचं जेवणही पाळीने. खोऱ्याच्या दोन्ही अंगाला भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजून घ्यायला, पालापाचोळा जाळत होते. त्या धुराचा वास सकाळपासून अंगाला चिकटलेला.

पारूवहिनींनी, म्हणजे मोऱ्यांच्या बायकोने, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेली सुकट वाढली. मोऱ्यांच्या ताटात वेगळंच, बिनमिठाचं. त्यांचं दिवसभराचं पाणी एका लहान तांब्यात भरून ठेवलेलं असतं, त्याहून जास्त प्यायचं नाही. कोकणात घरोघरी पाहुण्याला आधी पाणी देतात. मी गावात ज्या ज्या घरी गेले तिथे मला तांब्या मिळाला आणि माझ्याबरोबर आलेल्या मोऱ्यांना कोणी विचारलं नाही. लोक विसरलेले नव्हते, हे तिसऱ्या घरी माझ्या लक्षात आलं. त्यांच्यादेखत मी गटागटा पाणी प्यायले याची मग मला लाज वाटली.

मला सगळ्या गोष्टी मोजून बघायची खोड. मी विचारलं, गावची वस्ती किती?

"गणपतीत की एरवी?" एक म्हातारा म्हणाला.

"एरवी."

"एरवी म्हणजे बाय, मुंबईची धरून की सोडून?"

सोडून, म्हटलं. त्यावर ओट्यावर वाद जुंपला. कोणी एकतीस म्हणालं, कोणी चौतीस. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली धरायची का? विरारहून भांडून आलेला धरायचा का? शेवटी जनाआत्या म्हणाल्या, "माणसं मोजू नका रे, येतात नि जातात. चुली मोजा. तेरा हायत."

दुपारभर मी गावात वरखाली फिरले. मोरे दम लागला की थांबायचे आणि काहीतरी दाखवायच्या निमित्ताने बोट करायचे, ती झऱ्याची वाट, ते आंब्याचं झाड. मी "हो का?" म्हणून पुढे. संध्याकाळी पारूवहिनी म्हणाल्या, "तुमच्यामागं फिरून सुजला बघा ह्यांचा पाय." मी त्या रात्री स्वतःला बजावलं, की उद्या ओट्यावर बसायचं. बसले. तासभर.

रविवार

संध्याकाळी गाडी आली आणि कंडक्टर चहाला न थांबता थेट देवळाकडे गेला. आगारातले साहेब सोमवारी येणार होते. ही गाडी ठेवायची की नाही, हे ते स्वतः बघून ठरवणार. सकाळच्या गाडीत माणसं मोजणार, असं त्याच्या कानावर आलं होतं.

अर्ध्या तासात गाव देवळात जमलं. सगळं गाव म्हणजे देवळाची एक बाजूही भरत नव्हती. जनाआत्यांनी भिंतीवरची पाळी हाताने पुसून टाकली. "उद्या पाळी नाय. उद्या सगळी. चालता येतं तो प्रत्येक जीव."

"नि सखादादाच्या मशीनचं सांगायचं ना साहेबाला?" मागून एका बाईने विचारलं. "ही गाडी गेली तर तो जाईल कसा?"

मोरे खांबाला टेकून बसले होते. ते पटकन म्हणाले, "माझं नाव काढायचं नाय. एका माणसासाठी गाडी कोण सोडंल? गावासाठी म्हटलं तर सोडतील. बाजार सांगा, दवाखाना सांगा, काय पण सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण."

मी मान डोलावली. पण मला ते पटलं नव्हतं. सकाळची गाडी गेली तर मोऱ्यांना मुलाकडे विरारला जाऊन राहावं लागणार होतं. मुलाची एका खोलीची जागा, त्यात चार माणसं. आठवड्यातून दोनदा महाडपर्यंत भाड्याची गाडी करणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. अठ्ठावीस वर्षं ठाण्याला एका खोलीत काढताना हा माणूस एकच गोष्ट बोलायचा, की निवृत्त झालो की गावी.

सोमवार

पहाटे चारपासून गावात भांड्यांचे आवाज. तेराही घरांतून धूर. बायकांनी भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या. सव्वासहाला गाडी निघाली तेव्हा आत गर्दी होती, ऐंशी वर्षांच्या दोन आज्या खिडकीशी बसून हसत होत्या. नवी लुगडी नेसल्या होत्या. मोऱ्यांच्या पायाची सूज उतरली नव्हती, दुसऱ्या दिवशी मशीन होतं, म्हणून जनाआत्यांनी त्यांना उतरवून ठेवलं. त्यांच्या सोबतीला मी राहिले. गाडी वळणाआड गेली आणि गाव एकदम इतकं शांत झालं की मला अंगणातही बसवेना.

आठच्या सुमाराला मोटरसायकल आली. तिच्यावरून एक चाळिशीचे गृहस्थ उतरले, पाठीवर पिशवी, हातात कागद अडकवलेली पाटी. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी पिऊन म्हणाले, "आगारातून आलोय. गाडीत तर कोणीही बसेल, म्हणून म्हटलं आधी वस्ती बघू."

सगळं गाव त्यांना दाखवायला म्हणून गाडीत बसून खाली गेलं होतं, आणि ते वर आले होते.

ते घरोघर जाऊन आले. मी खिडकीतून बघत होते. दारं बंद. परत आले तेव्हा पाटीवरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते. "इथे कोणीच राहत नाही की हो. तुम्ही कोण?"

"पाहुणी."

"म्हणजे तुम्हीही इथल्या नाही." ते हसले. माणूस वाईट नव्हता, उलट सभ्यच. खरं सांगावं, की तुमच्यासाठी गाडी भरायला गेलेत, तर सगळं सोंग ठरणार. गप्प बसावं, तर गावच नाही म्हणून कागदावर जाणार.

तेवढ्यात मोरे बाहेर आले. त्यांनी घाईघाईने सदरा चढवला होता, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, मशीनच्या सुयांचा हात झाकलेला. साहेबांना नमस्कार केला. "राहतात साहेब. या, दाखवतो."

आणि तो माणूस, सुजल्या पायाने, पहिल्या टप्प्यावर चढला. पहिल्या घराची कडी काढली. इथे गावात असलेलं माणूस कुलूप लावत नाही, कुलपं मुंबईच्या घरांना. आत चुलीशी जाऊन मोरे म्हणाले, "हात लावून बघा साहेब."

साहेबांनी वाकून चुलीच्या भानशीला हात लावला आणि पटकन मागे घेतला. भाजला असावा.

दुसरं घर. तिसरं. मधेच मोरे भिंतीला धरून उभे राहायचे, पण आता बोट करून काही दाखवत नव्हते, नुसते श्वास घ्यायचे. मी म्हटलं, पुरे आता, कळलं साहेबांना. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्या टप्प्यापर्यंत चढून त्यांनी तेराही चुली दाखवल्या. कुठे राखेत रताळं पुरलेलं होतं, कुठे चुलीशेजारच्या वैलावर दूध झाकलेलं.

"माणसं कुठायत मग?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्याच गाडीत साहेब."

साहेब मोठ्याने हसले आणि आधीचा कागद फाडून खिशात टाकला. मला इतकं हलकं वाटलं! आता गप्प राहायला हवं होतं. पण मला बसता येत नाही तसं गप्पही राहता येत नाही. साहेबांचं मन अजून थोडं वळवावं असं मला वाटलं, आणि मोऱ्यांचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून मी बायकांचं काढलं. "या गाडीसाठी पहाटे चारला उठतात हो इथल्या बायका," मी म्हटलं. "थंडीत, अंधारात. सगळा स्वयंपाक करून निघतात. सव्वासहा म्हणजे किती लवकर! म्हाताऱ्या माणसांचे काय हाल."

"खरंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं. मोरे शेजारीच उभे होते.

ठाणे, आणि मग विरार

तीन आठवड्यांनी मोऱ्यांचा फोन आला. "मॅडम, गाडी ऱ्हायली."

मी घरात ओरडून सगळ्यांना सांगितलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. गावकऱ्यांचे हाल बघून साहेबांनी सकाळची गाडी सव्वासहाऐवजी साडेनऊची करून दिली होती. संध्याकाळची आहे तशीच.

मी मनातल्या मनात हिशेब घातला. साडेनऊला निघालं तर महाडला अकराच्या पुढे. नऊची पाळी हुकणार. दुपारची पाळी घेतली तर ती संपेपर्यंत पोलादपूरहून परतीची गाडी निघून जाणार.

मी अर्ज लिहायला घेतला. जनाआत्यांना फोन केला तर त्यांनी मला थांबवलं. "आता त्याला हात लावू नको गो बाय. गाडी हाय ती ऱ्हाऊं दे. परत कागद हलला तर सगळंच जायाचं." आवाज नेहमीचाच तिखट, आणि फोन त्यांनीच ठेवला. मी तरीही अर्ज पाठवला. अजून उत्तर नाही.

मोरे विरारला मुलाकडे गेले. मी भेटायला गेले तेव्हा खोलीत एकटेच होते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. मशीनचं ठिकाण तिथून चालत पाच मिनिटांवर, सोय उत्तम. मला बघून उठून उभे राहिले. मी विचारलं, वहिनी कुठायत?

"ती गावीच. ती पण आली तर बारा ऱ्हातील ना."

मला कळायला एक क्षण लागला. चुली. चौदा बाय दहाच्या त्या खोलीत मला एकदम बसवेना, आणि उभं राहायलाही जागा नव्हती. म्हटलं, बोलूनच टाकावं. "मोरे, ती वेळ माझ्यामुळे बदलली. सव्वासहा फार लवकर होतं, असं साहेबांना मीच सांगितलं."

"म्हाईत हाय मॅडम. मी तिथंच होतो की."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? एका शब्दाने सांगायचं, की हीच वेळ बरी आहे."

मोऱ्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं, अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना असलं काही विचारलं नव्हतं.

"साहेबाच्या समोर," ते म्हणाले, "मॅडमचं बोलणं कसं खोडायचं?"